इंजिन ऑइलचं घराणं कसं ओळखावं?

‘फुल्ली सिंथेटिक’ हे दोन शब्द इंजिन ऑइलच्या डब्यावर सर्वांत ठळक असतात. आतलं तेल कशापासून केलं आहे, हे मात्र त्याच डब्यावर बहुधा कुठेच नसतं. दुकानाच्या फळीवर ५डब्ल्यू-३० चे दोन डबे शेजारी उभे असतात, दोन्ही फुल्ली सिंथेटिक, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या दीडपट. फरक विचारला तर ‘हे भारीतलं आहे’ एवढंच उत्तर मिळतं. पैसे मोजणाऱ्या गाडीमालकाला याहून जास्त कळायला हवं, आणि थोडे कष्ट घेतले तर ते कळूही शकतं.

चार लिटरच्या डब्यात तीन लिटरहून अधिक भाग असतो तो बेस ऑइलचा, म्हणजे मूळ तेलाचा. उरलेल्या भागात काजळी धरून ठेवणारे, झीज रोखणारे, तेल लवकर जळू न देणारे आणि गरम झाल्यावर ते फार पातळ होऊ न देणारे पदार्थ असतात. बाजारात त्यांना ॲडिटिव्ह म्हणतात. तेलाचा स्वभाव या दोघांच्या जोडीतून ठरतो. पण वाद होतो तो मूळ तेलावरून.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआय या संस्थेने मूळ तेलांचे पाच गट पाडले आहेत. पहिले तीन जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलापासून होतात आणि चढत्या क्रमाने अधिक शुद्ध असतात. पहिल्या गटात गंधक आणि अस्थिर रेणू जास्त. दुसऱ्यात संपृक्त रेणू किमान ९० टक्के आणि गंधक ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. तिसऱ्याची शुद्धतेची अट तीच, पण त्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स १२० किंवा अधिक असावा लागतो. चौथ्या गटात एकच नाव, पॉलिअल्फाओलेफिन, म्हणजे पीएओ. पाचव्यात उरलेलं सगळं. इंजिन ऑइलच्या दृष्टीने त्यात महत्त्वाचे एस्टर.

व्हिस्कॉसिटी इंडेक्स हा शब्द पुढे वारंवार येईल, म्हणून तो नीट समजून घ्यावा. तेल थंडीत दाट होतं आणि उष्णतेने पातळ, हे खोबरेल वापरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. हा बदल जितका कमी, तितका इंडेक्स जास्त. १९२९ साली डीन आणि डेव्हिस या अमेरिकन संशोधकांनी ही मोजपट्टी बनवली, तेव्हा पेन्सिल्व्हेनियातल्या उत्तम कच्च्या तेलापासून केलेल्या वंगणाला १०० आणि अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरच्या सुमार तेलाला ० अशी टोकं ठरवली होती. आजची तिसऱ्या गटाची तेलं त्या १०० च्या वर सहज जातात. ‘उत्तम’ची त्या काळची कल्पना किती मागे पडली, ते यावरून दिसतं.

आता मूळ प्रश्न. सिंथेटिक कुणाला म्हणायचं?

१९९० च्या दशकापर्यंत उत्तर सोपं होतं. लहान रेणू एकमेकांना जोडून कारखान्यात घडवलेलं तेल, म्हणजे पीएओ किंवा एस्टर, ते सिंथेटिक. मग अमेरिकेत कॅस्ट्रॉलने आपल्या ‘सिंटेक’ या तेलात पीएओऐवजी तिसऱ्या गटाचं मूळ तेल वापरायला सुरुवात केली आणि डब्यावरचा सिंथेटिक शब्द तसाच ठेवला. मोबिलने जाहिरातींच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजनकडे दाद मागितली. कॅस्ट्रॉलचं म्हणणं असं, की कच्च्या तेलातले रेणू या प्रक्रियेत इतके मोडून पुन्हा घडवले जातात की त्याला नुसतं गाळलेलं तेल म्हणता येणार नाही. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. त्यानंतर तिसऱ्या गटाचं तेल सिंथेटिक म्हणून विकण्याची वाट मोकळी झाली आणि जगभरच्या बहुतेक कंपन्या त्याच वाटेने गेल्या.

जर्मनी मात्र वेगळी राहिली. तिथे ‘पूर्ण सिंथेटिक’ या अर्थाचा शब्द पीएओ-एस्टरच्या तेलांसाठीच राखून ठेवण्याचा रिवाज आहे. तिसऱ्या गटाच्या तेलावर ‘एचसी सिंथेज’ असं लिहितात, म्हणजे हायड्रोक्रॅकिंगने केलेलं. भारतात असा भेद डब्यावर दाखवला जात नाही. इथला फुल्ली सिंथेटिकचा डबा तिसऱ्या गटाचा असू शकतो, पीएओचा असू शकतो, दोन्हींचं मिश्रणही असू शकतो. कायद्याच्या नजरेने यात काही वावगं नाही. ग्राहकाच्या नजरेने मात्र ही माहिती लपून राहते, आणि ती उघड लिहिली जायला हवी.

तिसऱ्या गटाचं तेल होतं कसं, हे पाहिलं की ‘हे बनावट सिंथेटिक’ ही गॅरेजांतून ऐकू येणारी टीका किती खरी ते ठरवता येतं. रिफायनरीत जड तेलाच्या उताऱ्यावर साडेतीनशे-चारशे अंश सेल्सिअस तापमानात आणि वातावरणाच्या शंभरपट किंवा त्याहून अधिक दाबाखाली हायड्रोजन सोडला जातो. वलयाकार रेणू फुटतात, गंधक निघून जातं. राहतं ते मेण. मेण म्हणजे लांब, सरळ साखळीचे रेणू. थंडीत ते एकमेकांना चिकटून गोठतात. पूर्वी हे मेण गाळून काढत. १९९३ मध्ये शेव्हरॉनने कॅलिफोर्नियातल्या रिचमंड रिफायनरीत असं उत्प्रेरक तंत्र उभं केलं, की मेणाचे सरळ रेणू काढून न टाकता त्यांना फांद्या फोडायच्या. फांदी फुटलेला रेणू गोठत नाही, पण त्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स चांगला राहतो. आज दक्षिण कोरियातलं उल्सान, अबू धाबीतलं रुवैस, बहारीनमधलं सित्रा ही तिसऱ्या गटाच्या तेलाची मोठी ठिकाणं आहेत. मुंबईकरांच्या दाराशी, माहुलला, एचपीसीएलची मूळ तेलं बनवणारी देशातली सर्वांत मोठी ल्यूब रिफायनरी आहे.

याच गटात बसवलेलं, पण जन्माने वेगळं असं एक तेल आहे. नैसर्गिक वायू घ्यायचा, त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन करायचा आणि त्या दोन वायूंपासून पुन्हा लांब साखळीचं मेण जोडत न्यायचं. १९२५ च्या सुमारास जर्मनीतल्या म्युलहाइम इथे फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी ही जोडणीची प्रक्रिया शोधली. नैसर्गिक वायूवर ती चालवणारा सर्वांत मोठा कारखाना कतारमध्ये रास लफानला उभा आहे. हा शेलचा ‘पर्ल’ प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला. शेलच्या हेलिक्स अल्ट्रा मालिकेत हेच तेल येतं. एपीआयच्या वर्गवारीत ते तिसऱ्या गटात जातं, पण त्यात गंधक जवळजवळ नसतंच आणि व्हिस्कॉसिटी इंडेक्स नेहमीच्या तिसऱ्या गटाहून वर असतो. कागदावरचा गट आणि प्रत्यक्ष गुण यांत अंतर पडू शकतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

पीएओची गोष्ट इथिलीनपासून सुरू होते. त्यापासून डेसीन नावाचा दहा कार्बनचा रेणू बनवतात, मग तीन-चार डेसीन एकमेकांना जोडतात आणि शेवटी हायड्रोजन देऊन तो स्थिर करतात. सगळे रेणू जवळजवळ एकाच मापाचे, आणि मेण मुळातच नाही. म्हणून उणे ६० अंशांखालीही पीएओ वाहतं राहतं. तिसऱ्या गटाचं मूळ तेल, त्यात काही मिसळलं नाही तर, उणे १५ ते २० च्या आसपास गोठतं.

हा आकडा वाचून पीएओ म्हणजे श्रेष्ठ असा निष्कर्ष काढायची घाई होते. इथे जरा थांबावं. इंजिन ऑइलमध्ये सर्वाधिक वापरलं जाणारं मूळ तेल १०० अंश तापमानाला ४ सेंटिस्टोक दाटपणाचं असतं. या मापाच्या पीएओचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स १२० च्या थोडा वर, आणि तिसऱ्या गटाच्या तेलाचाही तेवढाच. नोॲक चाचणीत तेल २५० अंशांना तासभर तापवून किती टक्के उडून जातं ते मोजतात. तिथे पीएओ १३-१४ टक्के, तिसरा गट १४-१५ टक्के. अंतर आहे, पण डब्याच्या किमतीत दिसतं तेवढं नाही. याउलट दुसऱ्या गटाचं त्याच दाटपणाचं तेल घेतलं तर सुमारे पंचवीस टक्के उडून जातं. खरी दरी दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या मध्ये आहे. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये आहे ती खाच, आणि ती मुख्यतः कडाक्याच्या थंडीत जाणवते.

थंडी किती कडाक्याची? ५डब्ल्यू हा शिक्का मिळायला तेलाने उणे ३० अंशांना इंजिन फिरू द्यावं लागतं, ०डब्ल्यूला उणे ३५. निफाडला पारा तीन-चार अंशांवर आला की वर्तमानपत्रांत बातमी होते. महाराष्ट्रात आणि गोव्यात पीएओचा हा गुण वापरायची वेळच येत नाही. उन्हाळ्यात लडाखला दुचाक्या घेऊन जाणाऱ्या मराठी मंडळींनाही १०डब्ल्यू पुरतं, कारण त्याची चाचणी उणे २५ ला होते. एडमंटन किंवा मिनियापोलिसमध्ये राहणाऱ्या, उघड्यावर गाडी लावणाऱ्या मराठी कुटुंबांची गोष्ट वेगळी. तिथे जानेवारीतल्या सकाळी हा फरक किल्ली फिरवताच कळतो, आणि त्यांनी पीएओचं प्रमाण जास्त असलेलं ०डब्ल्यू तेल घेणं शहाणपणाचं.

एस्टरकडे वळताना घरातली एक ओळखीची बाटली आठवावी. एरंडेल हा निसर्गात तयार झालेला एस्टरच आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं एरंडेलावर चालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही आणि तापलेल्या धातूला चिकटून राहतं. कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे एरंडेलावरूनच आलं आहे. एस्टरच्या रेणूचं एक टोक किंचित विद्युतभारित असतं, म्हणून तो धातूला धरून राहतो आणि ॲडिटिव्ह चांगले विरघळवतो. आजची जेट विमानांची इंजिनं कारखान्यात बनवलेल्या एस्टरवर चालतात. मोटारींच्या शर्यतीतल्या मोटुलच्या ३००व्ही तेलाची ओळखही एस्टरचीच.

पण गाडीच्या तेलात एस्टर जितका जास्त तितकं चांगलं, असं होत नाही. झीज रोखणाऱ्या जस्त-फॉस्फरसच्या घटकालाही धातूचा पृष्ठभागच हवा असतो. एस्टर फार झाला तर त्या घटकाला जागा कमी पडते. पाणी मिळालं तर एस्टर हळूहळू विघटित होतो, हेही खरं. त्याचा चांगला उपयोग थोड्या प्रमाणात आहे. पीएओ रबराचे सील किंचित आकसवतं, एस्टर ते फुगवतो, म्हणून दोन्हींची जोडी जमते. ‘सिंथेटिक घातलं की ऑइल गळतं’ ही समजूत सुरुवातीच्या काळात हा तोल न साधलेल्या तेलांमुळे रूढ झाली. आज ती बाळगण्याचं कारण उरलेलं नाही.

मग महाराष्ट्रातल्या गाडीमालकाने मूळ तेलाकडे पाहावं ते कशासाठी? उष्णता, बाष्पीभवन आणि टिकाऊपणा यांसाठी.

विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. मुंबई-पुण्यात गाडी धावते कमी आणि उभी जास्त. दहा हजार किलोमीटर ताशी सरासरी ५० च्या वेगाने कापायला २०० तास लागतात. शहरातल्या १५ च्या सरासरीने तेवढंच अंतर म्हणजे सुमारे ६६७ तास. ओडोमीटरवर आकडा तोच, पण तेलाने तिपटीहून अधिक वेळ काम केलेलं असतं. ज्यांचा प्रवास असा रखडत होतो, त्यांनी तेल बदलण्याचं अंतर कमी करावं, मग डब्यात कोणतंही घराणं असो. गाडीच्या पुस्तिकेत ‘कठीण वापर’ म्हणून वेगळा तक्ता असतो; तो बहुतेक शहरवासीयांना लागू पडतो आणि फार थोडे तो वाचतात.

लहान टर्बो इंजिनांत मूळ तेलाची परीक्षा खरी होते. टर्बोचा आस मिनिटाला लाखभर किंवा त्याहून जास्त फेरे घेतो आणि त्याचं बेअरिंग तेलावर तरंगतं. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद केली तर तिथे अडकलेलं तेल भाजून निघतं आणि कोळशासारखा थर बसतो. इथे पहिल्या-दुसऱ्या गटाचं तेल वापरणं म्हणजे इंजिनाशी वैर. तिसरा गट किंवा त्यापुढचं हवंच, आणि गाडी बंद करण्याआधी मिनिटभर चालू ठेवलेली बरी.

अलीकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-२० सांगते, काहींना ०डब्ल्यू-१६ सुद्धा. एवढं पातळ तेल दुसऱ्या गटापासून बनवलं तर त्याचा मोठा हिस्सा उडून जाईल, म्हणून अशी तेलं सिंथेटिकच असतात. तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही. ‘आपल्याकडे उकाडा फार, जरा जाड तेल घाला’ हा गॅरेजमधला प्रेमळ सल्ला मात्र पुस्तिकेत दुसरा पर्याय दिला असेल तरच ऐकावा.

दुचाकीत आणखी एक गोष्ट घडते. इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात बुडालेले असतात. १५डब्ल्यू-५० सारख्या रुंद पल्ल्याच्या तेलात दाटपणा राखायला लांब साखळीचा पॉलिमर घालतात. गिअरचे दाते तो कापत जातात आणि तेल मुदतीआधीच पातळ होतं. मूळ तेलाचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स जन्मतः चांगला असेल तर पॉलिमर कमी लागतो आणि तेल जास्त दिवस आपल्या ग्रेडमध्ये राहतं. मोटरसायकलसाठी चांगल्या मूळ तेलाला पैसे मोजण्याचं हे खरं कारण आहे. मात्र त्याआधी डब्यावर ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाचा ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ शिक्का पाहावा. गाडीसाठीचं, इंधन वाचवणारं पातळ तेल कितीही उंची असलं तरी मोटरसायकलच्या ओल्या क्लचला ते घसरवू शकतं. गिअर नसलेल्या स्कूटरला ‘एमबी’ चालतं.

बीएस-६ डिझेल गाड्यांत तर मूळ तेलाचा क्रमांक दुसरा लागतो. तिथे काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तेलातली राख त्यात साचत जाते. राख येते ॲडिटिव्हमधल्या धातूंतून, मूळ तेलातून नव्हे. त्यामुळे जास्त राखेचं पीएओ तेल हा फिल्टर लवकर भरेल आणि कमी राखेचं तिसऱ्या गटाचं तेल त्याला जपेल. अशा गाडीला पुस्तिकेत जो दर्जा सांगितला आहे, उदाहरणार्थ युरोपचा एसीइए सी३, तोच घ्यावा.

आता घराणं ओळखण्याची रीत. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक तेलाचे दोन कागद सहसा मिळतात, टेक्निकल डेटा शीट आणि सेफ्टी डेटा शीट. पहिल्यात नोॲकचा आकडा दिला असेल तर सर्वांत आधी तो पाहावा. एपीआय एसपी दर्जाच्या इंधन-बचतीच्या तेलांना तो १५ टक्क्यांपर्यंत चालतो, युरोपच्या सी३ ला १३. आठ-दहा टक्के दिसला तर तेल मन लावून बनवलं आहे असं समजावं. मग पोअर पॉइंट, म्हणजे ज्याखाली तेल वाहायचं थांबतं ते तापमान. ५डब्ल्यू-३० चा तो उणे ३६ ते ४२ असेल तर बहुधा तिसरा गट. उणे ५० च्या खाली असेल तर पीएओची शक्यता मोठी. व्हिस्कॉसिटी इंडेक्सच्या मोठ्या आकड्याला मात्र भुलू नये, कारण तयार तेलात तो पॉलिमर घालूनही वाढवता येतो.

सेफ्टी डेटा शीटमध्ये घटकांचे सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनांचे ओळख-क्रमांक असतात. ६८०३७-०१-४ हा डेसीनपासून केलेल्या पीएओचा. ८४८३०१-६९-९ हा वायूपासून बनवलेल्या तेलाचा. ६४७४२-५४-७ हा हायड्रोजन-प्रक्रिया केलेल्या खनिज तेलाचा, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दोन्ही गटांच्या तेलांवर दिसतो. शेजारी टक्केवारीचा पल्ला दिला असतो, त्यावरून प्रमाणाचा अंदाज येतो. धोकादायक नसलेले घटक लिहिण्याची सक्ती नसते, म्हणून क्रमांक दिसला नाही म्हणजे तो पदार्थ नाहीच, असं धरू नये.

जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा वीस वर्षांची साधी पेट्रोल गाडी असेल तर साधं मिनरल तेल वेळेवर बदलत राहिलं तरी काम भागतं. तिथे महागडं पीएओ ओतून काही हाती लागत नाही. प्रवासात तेल कमी पडलं आणि वेगळ्या घराण्याचं मिळालं तर घालायला हरकत नाही. ही सगळी तेलं एकमेकांत मिसळतात. कमी तेलावर गाडी चालवणं त्याहून कितीतरी वाईट. तेल काळं पडलं म्हणून ते खराब झालं असंही नाही. डिझेल गाडीत ते पहिल्या काही दिवसांतच काळवंडतं, कारण ते काजळी धरून ठेवण्याचं आपलं काम करत असतं.

डबा खरेदी करताना झाकणाचा सील आणि बॅच क्रमांक पाहावा, सुटं तेल घेऊ नये आणि ऑइल बदलताना समोर उभं राहावं. रिकामा डबा तिथे तसाच सोडून येऊ नये. दाभणाने तळाला भोक पाडून आणि लेबल फाडून द्यावा, म्हणजे त्यात पुन्हा भेसळीचं तेल भरता येणार नाही. काढलेलं जुनं तेल गटारात जाता कामा नये. वापरात संपतात ते बहुतेक ॲडिटिव्ह; मूळ तेलाचा मोठा भाग फक्त मळलेला असतो. ते निर्वात ऊर्ध्वपातनाने आणि हायड्रोजन देऊन शुद्ध केलं की पुन्हा मूळ तेल मिळतं. भारतात १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल उत्पादकांवर आली आहे, म्हणून जुनं तेल अधिकृत पुनर्शुद्धीकरणाकडे देणारं गॅरेज शोधावं आणि तेल कुठे जातं हे तिथे थेट विचारावं.